एकाच कार्डाचे तीन आकडे

हे बघ, आधी मनातली धाकधूक काढून टाक. दुकानदाराने तुला फसवलेलं नाही. तुझ्या १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० वर जीपीयू-झेड मेमरीचा वेग १८७५ मेगाहर्ट्झ दाखवतं, आफ्टरबर्नर ७५०० म्हणतं आणि माहितीपत्रकात १५ जीबीपीएस असतं. तिन्ही खरं आहे गं. मूळ क्लॉक १८७५चा. त्याच्या एका ठोक्याला जीडीडीआर६ मेमरी प्रत्येक तारेवरून आठ बिट पाठवते, झाले १५,०००. आफ्टरबर्नर त्याच्या निम्मे दाखवतं, एवढंच.

पण नुसत्या वेगावर भाळू नकोस. बस किती रुंद, ते आधी विचारायचं. तुझी १९२ बिटची. १५ गुणिले १९२, भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. याच ३०६० चं ८ जीबीवालं कार्डही मिळतं. त्याची बस १२८ बिटची, म्हणून तिथे २४०च. आणि जीटी १०३०! जीडीडीआर५चं असेल तर ४८ जीबी, डीडीआर४चं असेल तर जेमतेम १७. नाव तेच. पैसे साठवून कार्ड घेणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो. तुझी एखादी मैत्रीण कार्ड घेणार असेल तर तिला आजच सांग.

आता ओव्हरक्लॉकिंग. आफ्टरबर्नरमधला मेमरीचा स्लायडर ५००ने पुढे नेलास तर १६ जीबीपीएस, म्हणजे ३८४ जीबी होतील. वाढ सात टक्क्यांहूनही कमी, आणि गेममध्ये बहुधा त्याहून कमीच जाणवेल. करून बघ, पण शंभर-शंभरने चढ आणि दरवेळी तोच बेंचमार्क चालवून आकडा लिहून ठेव. पीसी हँग झाला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नकोस. बऱ्याच कार्डांत चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवायची सोय असते. वेळ त्यातच जातो, म्हणून स्लायडर पुढे आणि एफपीएस मागे असं होतं. आकडा घसरला की दोन पायऱ्या खाली ये. पडद्यावर ठिपके किंवा लुकलुकणारे चौकोन दिसले तर लगेच.

सबमिशनच्या आठवड्यात मात्र सगळं मूळ वेगावर ठेव. ब्लेंडरचं रेंडर रात्रभर चालणार असतं, ते मध्येच अडकायला नको. आणि विंडोज सुरू होतानाच ओव्हरक्लॉक लागू करायचं ते बटण इतक्यात दाबू नकोस. आधी चार दिवस नीट चालू दे.