ट्रॉलीचा मागचा दिवा

दिवाळीनंतर समुद्रपूरकडचा कापूस ट्रॉलीत भरून आपण हिंगणघाटच्या बाजारात नेतो. कधी रात्र होते. मागचा लाल दिवा बंद असला, तर मागून येणाऱ्या गाडीला ट्रॉली दिसत नाही. धडक बसते, माणसे दगावतात. म्हणून निघण्याआधी दिवा बघू या.

दिवा लागत नाही ना? आधी चावी बंद करू.

पहिल्याने बल्ब काढून बघू. आतली तार तुटली असेल, तर १२ व्होल्टचा नवा बल्ब लावू.

मग फ्यूज बघू. तो जळला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालू. फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळायची नाही. तशाने वायर तापते आणि कापूस पेटतो. नवा फ्यूजही लगेच जळला, तर कुठे तरी उघडी वायर लोखंडाला टेकते आहे. ती शोधून झाकू.

शेवटी अर्थिंगचा जोड बघू. अर्थिंग म्हणजे वीज बॅटरीकडे परत जाण्याची वाट. जोड गंजला की वाट बंद. तो घासून घट्ट करू.

आता चावी चालू करू. एकाने मागे दूर उभे राहावे. लाल उजेड दिसला, की मगच निघू.