घटक ४ : वाद घालण्याचे वय आणि तर्कशास्त्राचे अध्यापन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला
• अभिजात ख्रिस्ती शिक्षणपद्धतीत तर्कशास्त्राला दिलेले स्थान सांगता येईल.
• युक्तिवादाची युक्तता आणि विधानाची सत्यता यांतील भेद उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
• कोवळ्या वयात तर्कशास्त्र शिकवण्याविषयीच्या अनुकूल आणि प्रतिकूल मतांची चिकित्सा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वैचारिक गद्याचा कणा म्हणजे युक्तिवाद होय. मागील घटकात आपण त्याचे स्वरूप पाहिले. युक्तिवादाची शिस्त मनाला कोणत्या वयात लावावी, हा प्रस्तुत घटकाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय अकरावी-बारावीत भेटतो, तोही ऐच्छिक म्हणून. अमेरिकेतील अभिजात ख्रिस्ती शाळांत मात्र तो साधारणतः १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना शिकवला जातो. उलट उत्तरे देण्याच्या वयातच मुलांच्या हाती हे शस्त्र का द्यावे? आणि दिल्यास कोणती काळजी घ्यावी? तुमच्यापैकी अनेकांच्या घरी या वयाची मुले असतील. तेव्हा हा प्रश्न केवळ परदेशी शाळांपुरता नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

४.३ पार्श्वभूमी : तिठ्यावरच्या तीन विद्या

मध्ययुगीन युरोपात सात विद्यांचा अभ्यासक्रम रूढ होता. त्यांतील व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पहिल्या तीन विद्यांना ‘ट्रिव्हियम’ म्हणत. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ तिठा, म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. त्यानंतर अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत या चार विद्या येत. तर्कविद्येचा पाया ॲरिस्टॉटलचा होता. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने केलेल्या लॅटिन भाषांतरांमुळे तो पश्चिम युरोपात टिकून राहिला.

या तीन विद्यांची सांगड मुलांच्या वयाशी घातली ती डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने. गुप्तहेरकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या आणि दान्तेचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्ड येथे ‘द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग’ हे व्याख्यान दिले. त्यांच्या मते लहान मूल पोपटासारखे पाठांतरात रमते. तेव्हा त्याला व्याकरण आणि माहिती द्यावी. पुढे ते मोठ्यांच्या चुका काढू लागते, प्रत्येक गोष्टीला विरोध करते. तेव्हा तर्क शिकवावा. त्यानंतर स्वतःला व्यक्त करण्याची ओढ लागते. तेव्हा वक्तृत्व शिकवावे.

येथे एक भेद ध्यानात ठेवा. मध्ययुगात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे अभ्यासाचे विषय होते. त्यांना वाढीचे टप्पे मानणे ही सेयर्स यांची कल्पना आहे. ती प्रयोगांतून सिद्ध झालेली नसून स्वतःच्या बालपणाच्या निरीक्षणातून सुचलेली आहे, आणि हे त्यांनी लपवलेले नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनीही अमूर्त विचाराची सुरुवात सुमारे ११-१२ वर्षांपासून होते असे मांडले, ही बाब मात्र लक्षणीय आहे.

सेयर्स यांचा विचार अमेरिकेत शाळांच्या रूपाने उभा राहिला. आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी १९८१ साली लोगोस स्कूल सुरू झाले. तिच्या संस्थापकांपैकी डग्लस विल्सन यांचे या पद्धतीवरील पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाल्यानंतर अशा शाळांचा प्रसार झाला.

४.४ वर्गात काय शिकवावे?

पहिला धडा युक्तता आणि सत्यता यांतील भेदाचा. पुढील दोन युक्तिवाद पाहा.

(अ) सर्व मासे पोहतात. देवमासे पोहतात. म्हणून देवमासे हे मासे आहेत.
(आ) सर्व सस्तन प्राणी जमिनीवर राहतात. देवमासे सस्तन आहेत. म्हणून देवमासे जमिनीवर राहतात.

(अ) मधील दोन्ही आधारविधाने सत्य आहेत, तरी निष्कर्ष त्यांतून निघत नाही. कारण पोहणारे सर्वच प्राणी मासे असतात, असे कोठेही म्हटलेले नाही. हा युक्तिवाद अयुक्त होय. (आ) मध्ये निष्कर्ष आधारविधानांतून अपरिहार्यपणे निघतो, म्हणजे युक्तिवाद युक्त आहे. पण पहिले विधानच असत्य आहे, आणि येथे निष्कर्षही असत्य आहे. पहिल्या ठिकाणी ‘हे यातून निघते का?’ असे विचारावयाचे; दुसऱ्या ठिकाणी ‘मुळात हे खरे आहे का?’ असे. हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येणे, ही तर्कशिक्षणाची पहिली कमाई होय.

दुसरा धडा विरोधाचा. “माझ्या वर्गात सगळ्यांकडे फोन आहे,” असे मुलगी म्हणते. “कोणाकडेही नाही,” असे आई रागाने उत्तरते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी असत्य असू शकतात. ‘सगळ्यांकडे आहे’ हे खोडण्यास ‘काहींकडे नाही’ एवढे पुरेसे असते. नेमके जेवढे खोडावयाचे तेवढेच खोडावे, हे कळले की निम्मा आवाज आपोआप खाली येतो.

तिसरा धडा तर्कदोषांचा. “बाबा, तुम्ही स्वतः सिगारेट ओढता, मग ती वाईट कशी?” या प्रश्नात वडिलांच्या वर्तनातील विसंगती अचूक पकडलेली आहे, परंतु तिच्यावरून सिगारेट निरुपद्रवी ठरत नाही. वक्त्याचा दोष हा विधानाचा दोष नव्हे.

ख्रिस्ती शाळेत बायबलमधील प्रसंगही उदाहरण म्हणून घेता येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात, योहानाचा बाप्तिस्मा देवाकडून होता की माणसांकडून, असा प्रश्न येशू विरोधकांना विचारतो. ‘देवाकडून’ म्हटल्यास त्यावर विश्वास का ठेवला नाही, असे विचारले जाईल. ‘माणसांकडून’ म्हटल्यास लोक खवळतील. उभयापत्तीचे, म्हणजे दोन्हींकडून अडवणाऱ्या युक्तिवादाचे, हे सुबोध उदाहरण आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : आधारविधान असत्य, परंतु निष्कर्ष सत्य असलेला एखादा युक्त युक्तिवाद तयार करा.

४.५ प्लेटोचा इशारा

या पद्धतीवरचा एक जुना आक्षेप ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या सातव्या भागात आढळतो. प्लेटोच्या मते तरुणांना वादाची चव लागली की ते त्याचा खेळ करतात; कुत्र्याची पिल्ले जवळ येईल त्याला ओढतात-फाडतात, तसे ते शब्दांनी करतात. अनेकांना हरवून आणि अनेकांकडून हरून शेवटी त्यांचा कशावरच विश्वास उरत नाही. म्हणून प्लेटो वादविद्येचे शिक्षण तिशीपर्यंत पुढे ढकलतो.

सेयर्स यांचे उत्तर व्यवहारी आहे : या वयातील मुले हुज्जत घालणारच, मग त्या प्रवृत्तीला चांगले वळण का लावू नये? हे उत्तर पटण्यासारखे आहे, मात्र ते अपुरे आहे. वळण कोणते, हे त्यात सांगावे लागेल. त्यासाठी आपल्याकडील न्यायसूत्रांतील भेद उपयोगी पडतो. सत्यशोधनासाठी चाललेली चर्चा म्हणजे वाद; केवळ जिंकण्यासाठी चाललेली ती जल्प; आणि स्वतःचे कोणतेही मत न मांडता दुसऱ्याचे खोडत राहणे ही वितंडा. तर्कदोषांची नावे पाठ झालेले मूल प्रथम वितंडेकडेच झुकते. जो तो दोष दाखवून मोकळा होतो; पण युक्तिवाद सदोष असला म्हणून त्याचा निष्कर्ष असत्य ठरत नाही, याचा त्याला विसर पडतो.

म्हणून शिक्षकाने दोन नियम पाळावेत. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडल्याखेरीज त्यावर उत्तर देऊ नये. आणि दोष शोधण्याचा सराव प्रथम स्वतःच्या निबंधावर करावा. या दोन नियमांविना शिकवलेले तर्कशास्त्र प्लेटोची भीती खरी करील.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : अलीकडे वाचलेल्या एखाद्या अग्रलेखातील चर्चा वाद, जल्प की वितंडा यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, ते सकारण लिहा.

४.६ श्रद्धा आणि तर्क

येथे एक अवघड प्रश्न उरतो. धर्मश्रद्धेवर उभी असलेली शाळा मुलाला ‘मुळात हे खरे आहे का?’ असे विचारावयास शिकवते. मग तेच मूल एके दिवशी शाळेच्या मूळ विधानांनाही हा प्रश्न विचारणार. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने ही अडचण ओळखली होती. धर्मविद्या आपली मूलतत्त्वे तर्काने सिद्ध करीत नाही, ती त्यांच्यापासून पुढे जाते. तथापि त्यांवरील आक्षेपांना ती तर्काने उत्तर देऊ शकते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथाची रचनाही बोलकी आहे : प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी विरोधी आक्षेप येतात, त्यानंतर लेखकाचे उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन.

ही भूमिका सर्वांना मान्य होईल असे नाही. मूलतत्त्वे तर्कापलीकडे ठेवली तर चिकित्सा अर्धवट राहते, असे टीकाकार म्हणू शकतो. प्रत्येक विचाराला कोठेतरी मूलतत्त्वे गृहीत धरावीच लागतात, असे समर्थक म्हणू शकतो. मात्र दोघांनाही लागू पडणारी एक कसोटी या रचनेतून मिळते. शाळा धार्मिक असो वा नसो, आपल्या विरोधातील सर्वांत बळकट आक्षेप ती मुलांना पूर्णपणे मांडू देते का? देत असेल, तर ती तर्कशास्त्र शिकवते. देत नसेल, तर इतरांना हरवण्याचे डावपेच तेवढे शिकवते. घरातील वडीलधाऱ्यांनाही हीच कसोटी लागू होते.

४.७ सारांश

सेयर्स यांनी तर्कविद्येचा संबंध वाद घालण्याच्या वयाशी जोडला आणि अमेरिकेतील अभिजात ख्रिस्ती शाळांनी ती कल्पना प्रत्यक्षात आणली. युक्तता आणि सत्यता यांतील भेद, नेमका विरोध आणि तर्कदोष हे या शिक्षणाचे मुख्य विषय होत. त्यातून वितंडा न वाढता विवेक वाढावा, यासाठी तर्काची धार प्रथम स्वतःच्या मतावर चालवावी लागते. विद्यार्थ्यांनी तसेच शिकवणाऱ्यांनीही.

४.८ स्वाध्याय

१. ‘तर्कशास्त्र तिशीनंतर शिकवावे’ आणि ‘तर्कशास्त्र बाराव्या वर्षी शिकवावे’ या दोन्ही मतांची चिकित्सा करा.
२. तुम्हांला मान्य नसलेले एखादे मत, ते मानणाऱ्या व्यक्तीला पटेल अशा भाषेत १५० शब्दांत मांडा. त्यानंतरच त्याला उत्तर लिहा.