मावा, ढालकिडा आणि बागेची राखण

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील पंधराव्या वचनात मनुष्याला बागेत दोन कामांसाठी ठेवलेले दिसते: मशागत आणि राखण. राखण्यासाठी तेथे ‘शामर’ हे हिब्रू क्रियापद आहे. गणनेच्या सहाव्या अध्यायातील याजकीय आशीर्वादात परमेश्वर आपल्या लोकांना राखतो, तेथेही तेच आहे. आणि भावाविषयी काइनाने केलेल्या उलट प्रश्नातही तेच. लक्ष ठेवणे, जपणे, पहारा करणे असा त्याचा अर्थ. या अंकाच्या पाठासाठी हा शब्द आपण मावा नावाच्या अगदी लहान किडीपाशी नेऊ.

वाशी-नेरूळच्या बाल्कनीत जास्वंदीच्या कळीवर किंवा मिरचीच्या कोवळ्या शेंड्यावर जे हिरवे-काळे ठिपके दाटतात, तोच मावा. पनवेल-कर्जतच्या पाड्यांवर भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाल पेरला जातो. त्याच्या शेंड्यांवर आणि शेंगांवर काळा मावा येतो. ढगाळ हवा आली की हमखास. मादीला नराची गरज नसते, ती थेट पिल्लेच घालते, आणि ती पिल्ले आठवडाभरात स्वतः प्रसवू लागतात. म्हणून सोमवारी चार दिसलेले रविवारच्या उपासनेपर्यंत शेंडा झाकून टाकतात. रस शोषून ते चिकट गोड स्राव सोडतात. त्यावर काळी बुरशी धरते आणि तो खायला मुंगळे येतात. (सीनायच्या रानात झाऊच्या झाडांवरील अशाच किडींचा स्राव म्हणजे मान्ना, असे काही अभ्यासक मांडतात. शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट आणि शब्बाथाला काहीच नाही, असे वेळापत्रक पाळणारी कीड मात्र मला ठाऊक नाही!)

मावा दिसला की दुकानदार बाटली देतो. खरी काळजी येथे आहे. पाड्यावरचे घर एका खोलीचे. बाटली राहते ती पिठाच्या डब्याशेजारी, आणि रिकामी झाली की धुऊन पुन्हा वापरली जाते. वालाच्या शेंगा तर मुले येता-जाता तोडतात. फवारणीनंतर किती दिवस थांबायचे हे बाटलीवर बारीक अक्षरांत असते आणि वाचणारा घरात नसतो. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेच्या मध्यान्ह भोजनाने 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते. भाजीपाल्यावर त्याला तेव्हाही मनाई होती.

विष आणखी एक नुकसान करते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिवसाला पन्नासच्या आसपास मावा खातो. त्याची अळी सुसरीसारखी, करडी, दिसायला ओंगळ. लोक तिलाच कीड समजून चिरडतात. सिरफिड माशीची अळीही मावाच खाते. फवारणीत हे राखणदार आधी मरतात, आणि उरलेला मावा पुन्हा वाढतो तेव्हा त्याला आवरणारे कोणी नसते.

हे केवळ बाल्कनीपुरते खरे आहे असे नाही. 2002 मध्ये सांगलीकडच्या उसावर लोकरी मावा आला आणि कोल्हापूर, साताऱ्यासह कर्नाटकापर्यंत पसरला. उंच, दाट फडात फवारणी नीट पोचत नव्हती. अखेर डिफा नावाच्या पतंगाची मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस हे कीटक वाढवून फडांत सोडण्यात आले, आणि लोकरी मावा आटोक्यात येण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

म्हणून क्रम असा ठेवावा. दोन दिवसांआड पानांची खालची बाजू पाहावी. थोडा मावा असेल तर बोटांनी पुसावा, पाण्याच्या जोरदार धारेने पाडावा, फार भरलेला शेंडा खुडून टाकावा. युरियाचा हात आखडता घ्यावा, कारण लुसलुशीत वाढीवरच मावा जमतो. मुंगळ्यांची रांग दिसली तर ती तोडावी. ते गोडाच्या लोभाने माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकतात. एवढ्याने भागले नाही तर 50 ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळावी, त्यात किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. आधी एकदोन पानांवर करून पाहावे. ढालकिडे भरपूर दिसत असतील तर तेही थांबवावे आणि आठवडाभर नुसते पाहावे. पाड्यावरच्या बायकांना हे शेवटचे सर्वांत अवघड वाटते, आणि आपल्यालाही वाटेल.

कोकणात कडुनिंब कमी. आपल्यापैकी अनेकांची गावे नगर-जालन्याकडे आहेत, जेथे जून-जुलैत झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. पिकलेल्या निंबोळ्या गर काढून, धुऊन, सावलीत खडखडीत वाळवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते, गोणपाट किंवा कापडी पिशवी घ्यावी. दिवाळीपूर्वी त्या आमच्यापर्यंत पोचल्या, तर वालाच्या पेरणीआधी पाड्यांवर वाटता येतील.