जुनी वाट, निर्भय माणसे

भोर-वेल्ह्याकडे ख्रिस्ती धर्माची गोष्ट निघाली, की कुणीतरी म्हणतो, "तो सायबाचा धर्म. इंग्रजांनी आणला." आम्हीही पूर्वी असेच समजत होतो. पण ते खरे नाही. खरे काय, ते या धड्यात पाहू.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. वेल्ह्याकडून मढे घाटाने कोकणात उतरता येते. अशा वाटांनी घाटावरची आणि कोकणातली माणसे फार पूर्वीपासून जोडलेली आहेत. अशीच एक जुनी वाट जुन्नरजवळच्या नाणेघाटाची. कल्याण बंदरात परदेशची गलबते लागत. त्यांतला माल या घाटाने वर येई. मालाबरोबर माणसे येत. माणसांबरोबर त्यांचा देवधर्मही येई.

येशू ख्रिस्ताचा शिष्य थोमा इसवी सन ५२ मध्ये केरळात उतरला, असे तिथले ख्रिस्ती लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. ही झाली परंपरा. पण लिहिलेला पुरावाही आहे. मिसर देशात कॉस्मस नावाचा व्यापारी होता. त्याने इसवी सन ५५० च्या सुमारास एक पुस्तक लिहिले. हिंदुस्थानात 'कल्याणा' या ठिकाणी ख्रिस्ती लोकांचा बिशप, म्हणजे मोठा धर्मगुरू आहे, त्याची नेमणूक इराणातून होते, असे त्यात लिहिले आहे. हे गाव म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेव्हा आपला राजगड बांधायला अजून हजार वर्षे अवकाश होता. इंग्रज तर कुठेच नव्हते.

आता ठाण्याची गोष्ट ऐका. १३२१ साली तिथे दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. गावात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. थॉमस, जेम्स, पीटर आणि डेमेट्रियस हे चार परदेशी साधू त्यांच्याकडे उतरले. पुढे काजीसमोर धर्माचा वाद झाला. साधूंनी मनात होते तेच तोंडाने सांगितले. अधिकाऱ्यांना ते सहन झाले नाही. माघार घेतली असती, तर जीव वाचला असता. त्यांनी ती घेतली नाही. चौघांनाही ठार मारण्यात आले.

त्यांचा पाचवा सोबती जोर्डानस त्या वेळी बाहेरगावी होता, म्हणून वाचला. त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. तो पळून गेला नाही. एकटाच राहिला आणि काम करीत राहिला. पुढे त्याने एक पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो, की इथले लोक स्वच्छ खाणारे, खरे बोलणारे आणि न्यायाने वागणारे आहेत. सोबती मारले गेले, म्हणून त्याने साऱ्या मुलखाला नावे ठेवली नाहीत.

आम्हाला वाटते, खरे धैर्य हेच. मरणाला भ्यायचे नाही, आणि मनात वैरही धरायचे नाही.

कोणता धर्म पाळावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. १९५० साली लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेने तो हक्क सर्वांना दिला आहे. मग शेजाऱ्याचा देव निराळा, म्हणून शेजारी परका कसा होईल?

वाचा आणि सांगा :
१. कॉस्मसने 'कल्याणा' गावाविषयी काय लिहिले?
२. जोर्डानसचे धैर्य कशात दिसते?
३. तुमच्या गावाजवळून कोणती जुनी घाटवाट जाते? त्या वाटेने पूर्वी कोण येई-जाई? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.