आरोग्य-पाठ : स्वभाव बदलला, की आजार होता?



या अंकातला आरोग्य-पाठ मी माझ्याच एका चुकीपासून सुरू करते.

सातपुड्यातल्या आमच्या दवाखान्यापासून दोन डोंगर पलीकडे एका पाड्यावर पन्नाशीची एक बाई राहते. पाड्यावर कोणाचेही बाळंतपण असो, पहिली धावून जाणारी तीच. पण दोन पावसाळ्यांत ती हळूहळू बदलली. बोलणे कमी झाले, आंघोळ व केस विंचरणे सुटले. मयतीच्या घरी ती हसली. बसल्या जागी लघवी झाली, तरी तिला त्याचे काही वाटत नसे.

भगताने बाहेरची बाधा सांगितली. काही लोक तिला डाकीण म्हणू लागले. एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या, पण आठ महिन्यांत फरक पडला नाही. आणि मी? मी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि मनात काही पाप लपवले असेल तर कबूल कर, असे तिला सांगितले. आज ते आठवले की माझी मान खाली जाते.

एका संध्याकाळी मी तिच्या घरी गेले, तेव्हा तव्यावरची भाकरी करपून घर धुराने भरले होते. ती चुलीपाशीच शांत बसली होती. सून बाहेरून धावत आली आणि म्हणाली, “सिस्टर, आईला आता वासच येत नाही. मागच्या वर्षापासून काही जळलं तरी कळत नाही.” नुसत्या उदासपणाने वास असा पूर्ण जात नाही. दोन वर्षांत मी हा साधा प्रश्न विचारलाच नव्हता.

आम्ही तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. एमआरआयमध्ये मेंदूच्या पुढच्या भागाखाली, नाकाच्या वरच्या हाडाला लागून लिंबाएवढी गाठ दिसली.

ही गाठ म्हणजे काय?

मेंदूभोवती पातळ आवरणे असतात. त्यांच्यापासून वाढणाऱ्या गाठीला मेनिंजिओमा म्हणतात. हे नाव अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1922 मध्ये दिले. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. त्या अनेक वर्षे सावकाश वाढतात आणि स्त्रियांमध्ये जास्त आढळतात.

कर्करोग नाही, मग त्रास का? कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. गाठ वाढली की मेंदू दाबला जातो. मेंदूच्या अगदी पुढच्या भागावर उत्साह, विचारपूर्वक वागणे, लाज आणि संयम अवलंबून असतात. तिथे दाब आला, तर हातपाय चांगले चालतात, पण माणूस बदलतो. तो आळशी, निर्लज्ज किंवा वेडा झाला, असे लोकांना वाटते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून गाठ बरीच मोठी होईपर्यंत डोके दुखेलच असेही नाही.

कधी सावध व्हावे?

1. चाळिशीनंतर पहिल्यांदाच स्वभाव किंवा वागणे बदलले.
2. सोबत वास जाणे, नजर अंधूक होणे किंवा नवी डोकेदुखी आहे. सकाळी वाढणारी डोकेदुखी आणि उलट्या असतील, तर विशेष.
3. आयुष्यात पहिल्यांदा फिट आली.
4. चालताना तोल जातो, लघवीचे भान राहत नाही.
5. मानसिक आजाराच्या औषधांनी पुरेशा काळानंतरही फरक नाही.

मात्र मानसिक आजार असलेल्या बहुतेक लोकांच्या मेंदूत गाठ नसते. तो आजारही खरा असतो आणि औषधांनी सुधारतो. म्हणून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. वरील खुणा डॉक्टरांना सांगा आणि तपासणी हवी का, ते विचारा.

पुढे काय झाले?

मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली. तिचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. प्रवासाचा आणि मुलगा-सुनेच्या मुक्कामाचा खर्च तुमच्या दानातून झाला. गाठ पुन्हा वाढू शकते, म्हणून ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. वास परत आला नाही, त्यामुळे चुलीकडे सून लक्ष ठेवते. पण चार महिन्यांनी मी ओट्यावर चढले, तेव्हा तिने मला पाहिले आणि विचारले, “जेवलीस का, पोरी?” दोन वर्षांत तिने मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे. प्रभू ना त्याला दोषी धरतो, ना त्याच्या आईबापांना. मी हा अध्याय कितीतरी वेळा वाचला होता, तरी त्या बाईसमोर शिष्यांचाच प्रश्न विचारला. प्रार्थना आम्ही आजही करतो. पण आता आधी तिच्यासारख्यांच्या घरच्यांना विचारतो : हे कधीपासून? वास येतो का? दिसते का?

मंडळीत चर्चेसाठी

1. वागणे बदलले म्हणून आपण कोणाला नावे ठेवली आहेत का?
2. अशा व्यक्तीला दवाखान्यापर्यंत सोबत कोण करील?
3. पाड्यावर कोणाला डाकीण म्हटले जात असेल, तर तिच्या बाजूने आपण उभे राहू का?