सायकल, कॅमेरा आणि सकाळचा एक तास

व्यायाम सुरू करणे अवघड नाही, तो टिकवणे अवघड आहे. रक्ताचा रिपोर्ट हाती आल्याच्या दुसऱ्या दिवशी पांढरे बूट घालून बाहेर पडलेली माणसे तिसऱ्या आठवड्यात दिसेनाशी होतात. कारण विचारले तर गुडघा, पाऊस, पाहुणे अशी यादी मिळते. खरे कारण बहुतेक वेळा कंटाळा हेच असते. रोज तोच रस्ता, तेच वळण आणि घड्याळाकडे पाहत काढलेली चाळीस मिनिटे. अंबरनाथ-बदलापूरहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या माणसाला तर हे आणखी एक ओझेच वाटते. अशा रुग्णांना मी गेली काही वर्षे एक निराळी गोष्ट सुचवतो. सायकल काढा, बरोबर कॅमेरा घ्या आणि फोटो काढत सावकाश फिरा.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. "डॉक्टर, दर पाच मिनिटांनी थांबलो तर तो व्यायाम कसला?"

ही शंका अगदीच चुकीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० सालच्या सूचनांत, सलग दहा मिनिटे तरी हालचाल झाली तरच ती हिशोबात धरावी, असे होते. २०२० च्या सूचनांतून ही अट काढून टाकण्यात आली. प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. तो तुकड्यातुकड्याने झाला तरी चालतो. आता हिशोब करा. एका तासाच्या फेरीत वीस मिनिटे फोटोंसाठी थांबण्यात गेली, तरी चाळीस मिनिटे पायडल मारले जाते. आठवड्यातून चार दिवस अशी फेरी झाली की १६० मिनिटे भरतात. श्रम मध्यम आहेत की नाहीत, हे पाहायला यंत्र लागत नाही. सायकल चालवताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येता कामा नये. गाणेही सहज म्हणता येत असेल, तर दोन फोटोंमधल्या अंतरात थोडा जोर लावावा.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आहेत. मधुमेह दहा वर्षांचा. धाकट्या भावाच्या पायाचा अंगठा याच आजारापायी काढावा लागला होता, त्यामुळे मनात धास्ती होती. तरी चालायला जाणे पंधरा दिवसांपलीकडे कधी टिकले नाही. मुलाने वापरायचा सोडून दिलेला छोटा कॅमेरा घेऊन ते चिखलोलीच्या बाजूला सायकलवर जाऊ लागले. आधी धरण, मग बगळे, मग एकच झाड निरनिराळ्या महिन्यांत. पाच महिन्यांनी त्यांची साखर पूर्वीपेक्षा खाली होती आणि औषध तेच होते. सारे श्रेय मी कॅमेऱ्याला देणार नाही, कारण ताटातला भातही कमी झाला होता. पण पाच महिने त्यांनी व्यायाम सोडला नाही, हे मात्र त्या कॅमेऱ्यामुळेच झाले. पूर्वी ते तपासणीला येताना कारणे घेऊन येत, आता फोटो घेऊन येतात. (बाहेर रुग्ण ताटकळतात, पण ते असो.)

आपला भाग यासाठी चांगला आहे. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधले हे चिखलोली, तिथले लहानसे धरण, आणि क्षितिजावर मलंगगड, तावली, चंदेरी ही डोंगरांची रांग. सूर्य या रांगेच्या समोरच्या बाजूने उगवतो, त्यामुळे सकाळचे तिरके ऊन थेट कड्यांवर पडते आणि सुळके उठून दिसतात. दहानंतर तेच डोंगर धुरकट, सपाट वाटतात. म्हणजे चांगला फोटो हवा असेल तर लवकर उठावेच लागते. मी वर्षभर सांगून जे होत नाही, ते मलंगगड करून घेतो! अंबरनाथला इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतींवरील शिल्पेही अशाच तिरक्या उजेडात पाहावीत.

आता शरीराविषयी. सायकलवर अंगाचे वजन बरेचसे सीटवर येते, म्हणून दुखऱ्या गुडघ्याला चालण्यापेक्षा ती सोसते. मात्र सीटची उंची बरोबर हवी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना चवड्याने पायडल मारले, की गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे बहुतेकांची सीट फार खाली असते आणि गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखते ते बऱ्याचदा त्यामुळेच. सायकलची एक उणीवही सांगितली पाहिजे. वजन सीटवर गेल्यामुळे हाडांना बळकटी येण्यासाठी जो भार लागतो, तो मिळत नाही. फोटोसाठी उतरून बांधावरून चार पावले चालणे, चढ चढणे यात ती थोडी भरून निघते. म्हणून सीटवर बसूनच फोटो काढण्याचा आळस करू नये.

फुलपाखरू दिसले की माणूस उकिडवा बसतो. गुडघ्यांची झीज झालेल्यांनी ते टाळावे, कॅमेराच खाली धरावा. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना बसल्यावरून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. सावकाश उठावे. आधाराला सायकल धरू नये. ती घसरते आणि दोघेही पडतात.

कॅमेरा गळ्यात लोंबता ठेवून सायकल चालवू नका. त्याच्या वजनाने मान आखडते, तो हेलकावे खातो आणि हँडलमध्ये अडकू शकतो. पडलात तर छातीखाली तोच येतो आणि बरगडीला इजा होते. तिरक्या पट्ट्याची, अंगाला घट्ट बसणारी पिशवी पाठीवर घ्यावी. कॅरिअरला बांधायचा असेल तर खाली टॉवेलची घडी हवी, नाहीतर आपल्या रस्त्यांवर तो महिनाभर टिकायचा नाही. चालत्या सायकलवरून एका हाताने फोटो घेणे हा निव्वळ वेडेपणा आहे. कल्याण-बदलापूर रस्त्यावर अवजड गाड्यांची ये-जा असते, तेथे कडेला थांबूनही फोटो काढू नये. रेल्वेचे रूळ आणि धरणाचा निसरडा काठ यांबाबतही हेच. दुसऱ्या कोणाचा, विशेषतः पाण्यावर आलेल्या बायाबापड्यांचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

मनाला याचा काय उपयोग, यावर संशोधन झाले आहे. अमेरिकेत क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोटो काढणाऱ्यांना समोरच्या अनुभवाचा आनंद अधिक मिळाल्याचे दिसले, कारण ते त्यात अधिक गुंतत होते. पण लिंडा हेंकेल यांच्या २०१४ च्या प्रयोगात उलटी बाजू दिसली. संग्रहालयातील वस्तूंचे नुसते फोटो काढत जाणाऱ्यांना त्या वस्तू कमी आठवल्या. एखादा बारकावा जवळ आणून टिपणाऱ्यांचे मात्र तसे नुकसान झाले नाही. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. थोडे फोटो काढावेत, आणि नीट पाहून काढावेत. ज्यांनी छत्तीस फोटोंचा रोल वापरला आहे, त्यांना हे समजावावे लागत नाही. मोबाईल वापरणाऱ्यांनी एका फेरीत दहाच फोटो, असा नियम करावा. बटण दाबण्याआधी कोपरे अंगाशी घ्यावीत आणि श्वास हळूहळू सोडावा. हात स्थिर राहतो, आणि जीवही शांत होतो.

वयाची सबब पुढे करणाऱ्यांना मी न्यूयॉर्कच्या बिल कनिंगहॅम यांचे उदाहरण देतो. वर्तमानपत्रासाठी रस्त्यावरील लोकांच्या पोशाखांचे फोटो काढणारा हा माणूस म्हातारपणीही शहरभर सायकलवर फिरत असे. २०१६ साली वयाच्या ८७ व्या वर्षी ते वारले.

मधुमेहींनी एक खूण लक्षात ठेवावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटतो, भूक लागते, हात थरथरतो. एरवी नीट येणारे फोटो अचानक हलू लागले, तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी खाली बसावे आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच घ्यावे, आणि बरे वाटेपर्यंत सायकलवर चढू नये. ही पुडी कॅमेऱ्याच्या पिशवीतच असू द्यावी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त दम असे काही झाल्यास फेरी तेथेच संपवून इस्पितळ गाठावे, आणि तेही सायकलने नव्हे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर उपचार चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

हिवाळ्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत अडकून राहते आणि तिच्याबरोबर धूरही. मोरिवली-चिखलोलीच्या औद्योगिक भागाजवळ राहणाऱ्या दमेकऱ्यांनी त्या दिवसांत ऊन वर आल्यावर, कारखान्यांपासून दूरच्या वाटेने जावे. पावसाळ्यात चांगल्या फोटोच्या मोहाने साचलेल्या पाण्यात उतरू नये. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शरीरात शिरू शकतो, आणि मधुमेहींना पायाची जखम अनेकदा कळतही नाही. घरी आल्यावर कॅमेऱ्याची काच पुसण्याआधी तळपाय पाहावेत.

कोणता कॅमेरा घ्यावा, हे मला विचारू नये. घरात असेल तो. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी हेल्मेट घ्यावे, मग सायकलला मागचा लाल दिवा.