अनोळखी माणसाशीं संभाषण

विद्यार्थिमित्रहो, परक्या माणसाशीं बोलूं नये, असा उपदेश घरोघरीं लहानपणींच केला जातो. तो हितबुद्धीनें केलेला असतो खरा. परंतु तो तंतोतंत पाळला असता मनुष्यजातीचें ज्ञान एका घराच्या चार भिंतींपलीकडे गेलें नसतें. आपल्या औरंगपुऱ्यांतच पाहा. भाजीमंडईंत भाव ठरवितांना किंवा पुस्तकांच्या दुकानांत वह्यापुस्तकें घेतांना आपण रोज किती अपरिचितांशीं बोलतों! हें शहरच मुळीं परक्यांच्या गांठीभेटींतून वाढलें. १६१० सालीं ज्यानें खडकी येथें राजधानीचा पाया घातला, तो मलिक अंबर हबसाणांतून गुलाम होऊन आलेला होता. पुढें याच शहराच्या नांवानें ओळखला जाणारा कवि वली १७०० सालीं दिल्लीस गेला, आणि त्याच्या गझला ऐकून फार्सींत लिहिणाऱ्या तेथील कवींस लोकांच्या बोलींत काव्य करण्याची स्फूर्ति झाली.

आतां मोबाईलच्या योगानें ही मंडई अमर्याद झाली आहे. ज्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं, गांव ठाऊक नाहीं, अशा माणसाशीं तुम्ही खेळतां. खेळावरून गोष्ट भाषेवर जाते, भाषेवरून समाजावर, आणि शेवटीं कायद्यावर. यांत भलें कोणतें व घातक कोणतें, हें ओळखण्याची कांहीं खूण आहे काय? आहे, असें मला वाटतें. ती शोधण्यासाठीं या चारी विषयांकडे क्रमानें पाहूं.

प्रथम खेळ. बुद्धिबळाच्या पटावर प्रतिस्पर्धी अनोळखी असला तरी भय नसतें. कारण घोड्याची अडीच घरांची चाल दोघांसही सारखीच असते, आणि डाव दोघांच्याही डोळ्यांसमोर मांडलेला असतो. भयाचा आरंभ होतो तो खेळगडी पट सोडून दुसरेंच विचारूं लागतो तेव्हां. तुझी शाळा कोणती, घरीं कोण असतें, छायाचित्र पाठव, मोबाईलवर आलेला गुप्त आंकडा सांग—यांपैकीं एकाही गोष्टीची डावास गरज नसते. ज्या प्रश्नाचा खेळाशीं संबंध नाहीं, त्यास उत्तर न देणें हा उद्धटपणा नव्हे.

दुसरा विषय भाषा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. एकमेकांस कधींही न भेटलेले लोक तेथें एकच ज्ञानकोश लिहितात. शब्द कोणता वापरावा, शुद्धलेखन कसें असावें, यावर त्यांचे खटकेही उडतात. त्यांच्या सामाईक चर्चेच्या पानाचें नांव ‘चावडी’ असें आहे, आणि तें अगदीं समर्पक आहे. प्रत्येक लेखाचा इतिहास जपून ठेवलेला असतो. कोणीं केव्हां काय पालटलें, हें कोणासही पाहतां येतें. लिहिणारा टोपणनांवानें वावरत असला, तरी त्याचें बोलणें मात्र चारचौघांत असतें.

समाजाच्या प्रश्नांसही हाच न्याय लागू आहे. १८४८ सालापासून ‘प्रभाकर’ पत्रांत ‘लोकहितवादी’ या नांवानें जीं पत्रें प्रसिद्ध झालीं, तीं गोपाळ हरि देशमुख यांचीं होतीं. नांव झांकलेलें होतें. परंतु विचार उघड्यावर मांडलेला होता, आणि ज्यास तो पटत नसे त्यास उत्तर देण्याची मोकळीक होती. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे धर्मविषयक वाद झाले. मतभेद टोकाचे होते. तथापि ते वाद भर लोकांसमोर झाले, आणि मिशनरी जॉर्ज बोवेन यांनीं त्यांचा वृत्तांत त्याच वर्षीं इंग्रजींत प्रसिद्ध केला. श्रोते साक्षीस असले म्हणजे बोलणाऱ्याच्या जिभेस आपोआप लगाम बसतो.

आतां कायदा. नोव्हेंबर २०१२ मध्यें एका मोठ्या नेत्याच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदाविषयीं पालघर येथील एका तरुणीनें फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, आणि दुसरीनें त्यास आपली पसंती दर्शविली. दोघींसही अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ अन्वयें, त्रासदायक किंवा मानहानिकारक वाटणारा मजकूर पाठविल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकत असे. आणि त्रासदायक म्हणजे काय, याची व्याख्या कोठेंच नव्हती. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीच्या अर्जावरून चाललेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं हें कलम घटनाबाह्य ठरविलें. चर्चा करणें, मताचा पुरस्कार करणें आणि चिथावणी देणें या तीन निराळ्या गोष्टी असून, पहिल्या दोन कोणास कितीही अप्रिय वाटल्या तरी त्यांस घटनेचें संरक्षण आहे, असें न्यायालयानें सांगितलें. उलटपक्षीं त्याच कायद्याचें कलम ६६ ड कायम आहे. संगणकाच्या साधनानें दुसऱ्याचें सोंग घेऊन जो फसवणूक करील, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. मत उघडपणें मांडणाऱ्यास अभय आणि सोंगाआड फसविणाऱ्यास शिक्षा, हा या दोहोंमधील भेद नीट ध्यानांत घ्यावा.

या चारी उदाहरणांतून एकच खूण निघते. समोरच्याचें नांव गुप्त आहे कीं नाहीं, हा मुख्य प्रश्न नव्हे. संभाषणच गुप्त राहावें असा त्याचा आग्रह आहे काय, हा मुख्य प्रश्न होय. “हें आईस सांगूं नकोस,” “आपण दोघेच निराळें बोलूं,” असें अनोळखी माणूस म्हणूं लागला, कीं तो तुम्हांस चावडीवरून अंधाऱ्या कोपऱ्यांत नेत आहे असें समजावें. तेथून तात्काळ परतावें, आणि घडलेलें सर्व वडील माणसांस सांगावें. पैसे गेले असतील तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावें. फसवणूक झालेल्या मुलाचा दोष नसतो. दोष फसविणाऱ्याचा असतो. परंतु घरचीं माणसें रागावतील या भयानें मूल गप्प बसतें, आणि त्या मौनावरच लबाडाचा सारा व्यापार चालतो. म्हणून आईबापांनींही मूल बोलूं लागलें असतां आधीं शांतपणें ऐकून घ्यावें. मोबाईल हिसकावून घेण्याची घाई करूं नये.

याकोबाच्या विहिरीवर प्रभु येशू एका शोमरोनी स्त्रीशीं बोलला. ती परकी होती, आणि यहुदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. तरी त्यानें तिच्याकडे पाणी मागून संभाषणास आरंभ केला. तें भर दुपारीं, गांवच्या पाणवठ्यावर झालें. आणि त्यानंतर ती स्त्री गांवांत जाऊन तें सर्वांस सांगूं शकली. अपरिचितांशीं अवश्य बोला, मित्रहो. मात्र घरीं येऊन सांगतां येईल असेंच बोला.